आबांच्या घरचा मीटर

आमच्या इमारतीत कोणाकडे पाहुणे आलेत हे जाणून घ्यायचं असेल, तर निकम आबांना विचारायचं. आबा कोणाच्या दारात डोकावत नाहीत की कोणाकडे चौकशा करत नाहीत. सकाळी दूध आणलं की पिशवी हातात तशीच धरून ते पार्किंगमधल्या मीटरच्या पेटीसमोर उभे राहतात. प्रत्येक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याचा वेग बघून आबा सांगतात, "तिसऱ्या मजल्यावर गिझर फार वेळ चाललाय. सासरची मंडळी आलेली दिसतात." आणि खरंच आलेली असतात. एकदा मी भाजीला निघाले होते, तर मला थांबवून म्हणाले, "ताई, इस्त्री चालू ठेवून आलात का?" मी धावत वर गेले. साडी वाचली, पण नवऱ्यासमोर माझं हसं व्हायचं ते झालंच.

आबा मूळचे नामपूरचे. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले आणि पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या इमारतीत, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. बायको जाऊन काही वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, वैशाली, हैदराबादला नोकरी करते. बोलायला लागले की आबा आधी म्हणतात, "आपलं म्हणणं एवढंच आहे." हे ऐकलं की जाणती माणसं बसायला खुर्ची शोधतात.

स्मार्ट मीटर बसवायची टूम निघाली तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मीटिंग बोलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आबांचं म्हणणं एवढंच होतं, की आपण कधी उठलो, कधी आंघोळ केली, कधी झोपलो हे परक्या माणसाला कळायचं कारण काय? वर्षानुवर्षं अख्ख्या इमारतीच्या आंघोळींवर लक्ष ठेवणारा माणूस हे सांगत होता. लोक हसून लोळायचेच बाकी राहिले. आबांना मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना. संतापले की त्यांच्या तोंडी अहिराणी येते. "मानूस घरमा शे का नही, हाई डबाले कसाले पाहिजे?" असं म्हणून ते तरातरा निघून गेले.

मीटर बदलायला माणसं आली त्या दिवशी आबा पेटीसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. सगळ्यांना चहा पाजला, आपलं म्हणणं ऐकवलं आणि आल्या पावली परत पाठवलं. जाताना त्यांच्यातला एक जण मला हळूच म्हणाला, "मॅडम, आजोबांची बिल्डिंग आपण शेवटी घेऊ."

दिवाळीला वैशाली आली. तिने एवढंच सांगितलं, की मीटर बसवून घ्या, मोबाइलवर मला तुमचा वापर दिसत राहील, तिकडे माझ्या जिवाला घोर राहणार नाही. आबांनी वाद घातला नाही. आमच्या इमारतीतला पहिला स्मार्ट मीटर बसला तो असा विरोधी पक्षनेत्याच्याच घरी. लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. आबांनी ती मुकाट ऐकून घेतली. त्या वेळी आबांनी हरायला नको होतं, असं मला आज फार वाटतं.

कारण तोवर वैशालीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवायला काय केलं, गोळी घेतली का, गुडघा काय म्हणतो. आबा फोन स्पीकरवर ठेवून बोलत, त्यामुळे तिच्या सासूचं पथ्यपाणी आम्हालाही पाठ झालं होतं. मीटर बसला आणि फोन विरळ होत गेले. तिला तरी काय बोल लावायचा? नोकरी, लहान मूल, सगळी धावपळ. सकाळी गिझर लागला, मग मिक्सर फिरला, रात्री टीव्ही बंद झाला, म्हणजे बाबा बरे आहेत. विचारायचं काय उरलं?

उन्हाळा लागला आणि आबा भर दुपारी गिझर लावू लागले. देवघरातला झिरोचा दिवासुद्धा हात जोडून झाले की मालवणारा हा माणूस, इस्त्री केलेल्या चादरींना पुन्हा इस्त्री करत बसायचा. म्हातारचळ लागला की काय, असं मला वाटलं. वैशाली काय म्हणते, असं विचारलं तर त्यांनी तिचा मेसेज दाखवला. 'बाबा, गिझर चालू राहिलाय वाटतं.' बाकी काही नव्हतं.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी मी त्यांना कैरीची डाळ द्यायला गेले. दार उघडंच होतं. पंखा बंद, आणि आबा घामाने निथळत कॉटवर बसलेले, मांडीवर फोन. जिन्यातला दिवा तर चालू होता. मी विचारलं, तुमच्याकडेच वीज गेली का?

"मेन स्विच बंद केलाय," ते म्हणाले. "दुपारपासून. तिकडे आता काहीच दिसत नसेल. फोन येईल."

मी रागावले. एवढ्या उकाड्यात काही झालं असतं म्हणजे, आणि फोन आपण केला तर काय बिघडतं, असं बरंच बोलले. त्यावर आबा शांतपणे म्हणाले, की आपण केला की ती कामात असते, घाईघाईने बोलते. तिने केला की निवांत बोलते.

तेवढ्यात फोन वाजला. माझा. वैशालीचं नाव आबांनीही वाचलं.

"काकू, बाबांकडे दुपारपासून वीज दिसत नाहीये. मी मीटिंगमध्ये आहे. जरा बघून येता का, प्लीज?"

मी फोन आबांपुढे धरला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग हळू आवाजात म्हणाले, "सांगा, फ्यूज उडाला होता. बरे आहेत."

मी तसंच सांगितलं. ती "थँक्यू काकू" म्हणाली आणि फोन बंद झाला. आबांकडे बघायचा धीर होईना.

"बघा ताई," आबा म्हणाले, "एवढ्या लांब असून केवढं लक्ष असतं पोरीचं."

आणि मेन स्विच लावायला उठले.