घरातल्या घरात दिलेली मोटार

मोटारीला आत्मा नसतो, पण नातेवाईक असतात. एवढं एक तत्त्व ध्यानात ठेवलं की जुनी गाडी ठेवावी की बदलावी हा प्रश्न अतिशय सोपा होतो, कारण तो मग आपल्याला कोणी विचारतच नाही.

इतरांकडं गाडी जुनी झाली की विकतात, असं मी ऐकून आहे. माझ्या सासरी गाडी विकत नाहीत. ती उतरते. थोरल्याकडून धाकट्याकडं, पुण्याहून संभाजीनगरला, संभाजीनगरहून तालुक्याच्या बाजूला. याला 'घरातल्या घरात' म्हणतात. यात कागद कोणाच्या नावावर करावे लागत नाहीत, कोणी कोणाला पावती देत नाही आणि मुख्य म्हणजे कोणी कोणाला काही विचारत नाही. (विचारलं तर तो व्यवहार होतो, आणि घरात व्यवहार शोभत नाही.)

आमची चंदेरी गाडी अशीच आली. २०१० साली ती माझे थोरले दीर गोकुळभाऊजी यांनी पुण्यात घेतली. २०१८ साली सोनियाताईंना, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, दिवस गेले. तेव्हा त्यांनी नवी गाडी घेतली आणि ही आम्हाला दिली. "तुमचं नवीन लग्न आहे, फिरायला होईल," असं भाऊजी म्हणाले. मागच्या सीटवर एक जांभळी ओढणी राहिली होती. मी कर्तव्यबुद्धीनं लगेच फोन केला.

"ताई, तुमची ओढणी राहिलीय गाडीत."

"राहू दे गं," सोनियाताई म्हणाल्या. "लागेल तुला."

मोठ्या मनाची माणसं.

गाडीत गुण पुष्कळ. चारही काचा चालतात, फक्त एकाच दिवशी नाही. एसी लावला की हॉर्नचा आवाज बारीक होतो, त्यामुळं उन्हाळ्यात ती सभ्यपणे वागते. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असतो, त्यानं मन स्थिर राहतं. आणि मागचं डावं दार उजव्या वळणावर आपोआप उघडतं. डाव्या वळणावर एकदाही उघडलेलं नाही, हेही तिच्या बाजूनं सांगायला हवं. यावर उपाय आम्हाला तिसऱ्याच आठवड्यात सापडला: ओढणीचं एक टोक दाराच्या मुठीला, दुसरं पुढच्या सीटच्या मानेला. ओढणी नेमकी गाडीतच होती. याला म्हणतात योगायोग.

पुढं मनू झाली आणि आसनव्यवस्थेत बदल करावा लागला. गाडी सुदर्शन, म्हणजे माझा नवरा, चालवणार. मागं मधोमध मनू. डावीकडं मी, एक हात मनूवर, एक हात दारावर. त्यामुळं दाराला कडी नव्हती असं कोणी म्हणू नये. कडी होती. कडीचं बी.एस्सी. झालेलं होतं.

फावल्या वेळात (कडीला तो बराच मिळतो) मी एक वही ठेवली. माझ्या नणंदेचे, मोनिकाताईंचे यजमान अभयराव यांचं अजिंठ्याला खतांचं दुकान आहे; त्या दुकानातून दरवर्षी येणारी डायरी. तिच्यात मी नोंदी करायची. 'खडखड, पुढून, फक्त सासरहून येताना.' 'जळका वास, क्रांती चौक ते टीव्ही सेंटर, नंतर सवय झाली.' 'दार: या महिन्यात चार वेळा. मनू झोपेत.' वही वाचून सुदर्शन दर वेळी म्हणायचा, "बघू दिवाळीनंतर." कोणत्या दिवाळीनंतर हे त्यानं कधीही सांगितलं नाही, त्यामुळं शब्द मोडला असंही म्हणता येत नाही.

यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली. आता आरटीओत पुन्हा पासिंग करून आणायची की बदलायची, असा प्रश्न निघाला, म्हणून मी रीतसर मतं मागवली. एकूण नातेवाईक चौदा. 'अजून पाच वर्षं काही होत नाही' म्हणणारे तेरा. त्यांपैकी या गाडीतून प्रवास केलेले चार. त्यांपैकी मागं बसलेले शून्य. (चौदाव्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी मनूच्या तब्येतीबद्दल समाधान व्यक्त केलं.)

तज्ज्ञांचंही मत घेतलं. शहागंजच्या मागं गफ्फारभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी त्या दाराचं लॉक तीनदा बदललेलं. ते म्हणाले, "भाभी, इंजन तो एक नंबर है. दरवाजे का क्या, आदत है उसकी."

कन्नडला सासऱ्यांनी, तात्यासाहेबांनी, बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहिलं. "इंजन बघावं मानसानं. दाराचं काय घिऊन बसलीस? दार काय गाडी वढतं व्हय?"

"आन् आमी तीन लेकरं बैलगाडीतून हिंडवली," सासूबाई म्हणाल्या. "तिला तं दारच नव्हतं. पडलं का कुनी?"

"गोकुळ पडला व्हता," तात्यासाहेब म्हणाले.

"मंग? झाला का नाय इंजिनेर!"

गाडी ठेवायची असं ठरलं. आम्ही परत निघालो.

त्याच आठवड्यात मनूला बालवाडीत गाठ सोडायला शिकवलं होतं. फी वाया जात नाही हे मला दौलताबादच्या घाटात पटलं. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढायला वाकले, तेवढ्यात तिनं माझ्या पाठीवरून दाराकडं झेपावून ओढणीची गाठ सोडली, पुढं उजवं वळण आलं, आणि दारानं आपली आदत पाळली. माझ्या मुठीत तिचा फ्रॉक आला. अख्खी मनू आली, फक्त एक गुलाबी बूट सोडून. सुदर्शननं ब्रेक दाबला. मागून एक ट्रक आला, हॉर्न वाजवत बाजूनं निघाला आणि बुटावरून गेला.

"बूट गेला," मनू म्हणाली.

सुदर्शन खाली उतरला. तो चपटा बूट उचलून त्यानं त्यावरची धूळ झटकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "उद्या शोरूमला जाऊ."

एवढ्या विचारविनिमयानं झालं नाही ते एका बुटानं केलं. (डावा. उजवा अजून माझ्या कपाटात आहे.)

नवी गाडी घेतली. शोरूममधली मुलगी छताची काच उघडून आकाश दाखवत होती. मी मागचं डावं दार साठ वेळा उघडून लावून पाहिलं. आता राहिली जुनी. तात्यासाहेबांचा निर्णय फोनवरून आला.

"मोनीला द्या. तिचं पोरगं फर्दापूरच्या शाळंत जातं, रोज रिक्षात कोंबून नेतेत. घरातल्या घरात ऱ्हाईल गाडी."

अजिंठा आणि फर्दापूर यांच्यामध्ये घाट आहे. घाटाला वळणं असतात, आणि जाताना जे डावं असतं ते येताना उजवं होतं. म्हणजे एकही वळण फुकट जाणार नव्हतं.

मी सुदर्शनला म्हटलं, "मोनिकाताईंना दाराचं सांगायला हवं."

"सांग ना."

"मी?"

"मग काय मी? बहीण आहे माझी. वाईट वाटेल तिला."

गाडी पाठवण्याआधी मी डॅशबोर्डचा कप्पा साफ करायला घेतला. पीयूसीच्या जुन्या कागदांच्या तळाशी पुण्याच्या एका दवाखान्याची चिठ्ठी निघाली. पुढच्या बाजूला सोनोग्राफीची तारीख, मागच्या बाजूला सोनियाताईंचं अक्षर. 'मागचं डावं दार, उजव्या वळणावर. ओढणी बांधणे. पेट्रोलचा काटा खोटा.' त्याखाली, 'औरंगाबादला फोन करून सांगायचं का?' (तेव्हा औरंगाबादच होतं.) आणि त्याखाली वेगळ्या शाईत, 'नको. मोडकी दिली म्हणतील. दोघंच तर आहेत.'

दोघंच तर आहेत. हे मी तीन वेळा वाचलं. एवढा राग आयुष्यात कोणाचा आला नव्हता. सात वर्षं ही बाई दर दिवाळीला मला साडी पाठवते आणि मनू झाल्यापासून तिचा फोटो मागते. ज्या बाईला स्वतःच्या न जन्मलेल्या लेकराची एवढी काळजी, तिनं दुसऱ्याच्या जिवाचा असा हिशेब करावा! त्याच रागात मी मोनिकाताईंना सगळं सांगायला फोन हातात घेतला, आणि वाक्य जुळवता जुळवता माझ्या लक्षात आलं की त्यांचा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. मोठा आहे. नीट धरून बसतो.

फोन खाली ठेवला.

पण मी सोनियाताईंसारखी नाही. मी शिकलेली आहे आणि प्रामाणिक आहे. मी माझी वही, तारखा आणि तपशिलासकट, त्याच कप्प्यात चिठ्ठीच्या वर ठेवली, आणि त्यावर नवं पीयूसी ठेवलं. माहिती गाडीतच आहे. ती वाचायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ओढणी मात्र धुऊन, इस्त्री करून ठेवली. एवढं तर करायलाच हवं.

गाडी पाठवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अजिंठ्याहून फोन.

"वहिनी, गाडी लई झ्याक! आन् तुमची ती जांभळी ओढणी राहिली बघा मागं."

पाठीमागून त्यांच्या मुलाचा आवाज येत होता, "मम्मी, मी खिडकीपाशी बसनार, मीच बसनार." कोणत्या बाजूच्या खिडकीपाशी, ते नीट ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

"राहू द्या ताई," मी म्हटलं. "लागेल तुम्हाला."

आता इथं काही वाचकांनी 'असं कुणी करतं का' म्हणून मान हलवली असेल. त्यांचं बरोबर आहे. फक्त, तो पाळणा जो तुम्ही धाकट्या बहिणीला दिलात, 'अगदी नव्यासारखा आहे' म्हणून. किंवा ती सायकल, तो कुकर, तो गॅस गीझर. त्याचं जे तुम्हाला माहीत होतं, ते सांगितलंत का? नसेल सांगितलं तर अजून वेळ गेलेली नाही. लेकरं शाळेतून साडेपाचला सुटतात. मोनिकाताईंचा नंबर माझ्यासमोर आहे, मी लावतेच.

आधी तुम्ही लावा.