भोपळ्याला लावलेला बेल्ट

आमच्या लहानपणी लेकराला गाडीत जागा अशी नसायचीच. शिरड शहापूरहून वसमतला जीप निघाली, की आधी मोठी माणसं कोंबायची आणि मग लेकरं वरून ठेवायची, सापडेल त्या मांडीवर. मी तिसरीत जाईपर्यंत आमची माय मला "मांडीवरचीच हाय" म्हणून फुकट नेत असे.

अशा या गावात आमचे शेजारी किसनकाका आपल्या जुन्या गाडीत भोपळा फिरवायचे. मागच्या सीटवर, लेकराच्या खुर्चीत, बेल्ट लावून.

त्याचं असं झालं. काकांचा प्रल्हाद पुण्याला असतो. त्याच्या आठ महिन्यांच्या पोरीला काकांनी फक्त फोनवर पाहिलेलं. सुनेनं स्वच्छ सांगितलं, "बाबा, बाळाची गाडीतली सीट पाठवतो. ती नीट बसली तरच येऊ. नाहीतर बाळ मोठं झाल्यावर बघू."

सीट आली. काकांनी ती म्हशीच्या दाव्यानं बांधली.

"माझी गाठ सुटत न्हाई," हे काकांचं ठरलेलं वाक्य. कडब्याची गाडी असो की मंडपाची कनात, काका गाठ तपासणारच. एका लग्नात उपरण्याची गाठ सैल दिसली म्हणून त्यांनी नवरा-नवरीला मधेच थांबवून ती परत मारली. भटजी अजून बोलत नाहीत.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, म्हणून गल्लीतला प्रत्येक कागद माझ्याकडं येतो आणि मला ते आवडतं. सीटची पुस्तिका इंग्रजीत होती.

"ए बी.ए., वाच."

वाचली. "काका, दावं सोडा. गाडीचाच बेल्ट या खुणेच्या खाचेतून घ्यायचा. सीटवर भार देऊन आवळायचा."

"ओढला की लांबतो त्यो पट्टा! त्याच्या भरवशावर लेकरू सोडू?"

"झटका बसला की अडकतो तो. आणि बाळाचं तोंड मागं करायचं."

"माझ्याकडं पाठ काहून? रुसली का काय?"

"मान कोवळी असते, काका. झटका पाठीनं झेलला पाहिजे."

मग सरावासाठी बाळाच्या वजनाचा भोपळा आला. रोज बेल्ट आवळायचा, सीट हलवून बघायची, गावाला चक्कर मारायची. पारावरून पोरं ओरडायची, "काका, नातीला कुठं नेऊन राहिले?"

"डोस पाजायला!"

एकदा मी म्हटलं, "बराबर बसलीय की आता. किती ओढता?"

त्यांनी मान वर केली नाही. "प्रल्ह्याच्या हनुवटीवर खूण हाय बघ. जीपीत माझ्या मांडीवर व्हता. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. गाठ कधी सुटली न्हाई बाई माझी. हात सुटला."

आणि पट्टा पुन्हा ओढला.

शेवटी ते तिघं आले, त्या दिवशी काकांबरोबर वसमतच्या स्टेशनवर मीही गेले होते. सुनेनं बाळ प्रल्हादकडं दिलं, आत वाकली आणि पट्ट्याजवळ धरून सीट गदागदा हलवली. काका लांब उभे होते, टोपी हातात घेऊन.

"हलत नाही, बाबा," ती म्हणाली आणि बाळाला आत ठेवलं.

मी पुढं बसले, भोपळा मांडीवर घेऊन. नातीची पाठ काकांकडं, त्यामुळं ती दिसेना. गाडी चालवताना समोरची नजर न काढता ते दर वळणाला विचारत, "हाय का?"

"आहे, बाबा," मागून सून सांगे.

शिरड शहापूर येईपर्यंत सीट हलली नाही. नात घरी पोचली, झोपलेलीच.