अलार्मचा मोजा

लंब्याने खोलीतल्या धुराच्या अलार्मला मोजा चढवून वरून रबर लावला, त्याला महिना होत आला होता. दुसऱ्या कुणाचा हात छताला पोचत नव्हता, म्हणून हे पुण्यकर्म त्याच्या नशिबी आलं. त्याचा जोडीदार, ज्याला कॉलेजभर आचारी म्हणत, साधा पाव भाजायला घेई आणि अलार्म घर डोक्यावर घेई. मोजा चढल्यापासून अलार्म गप्प होता. पाव मात्र करपतच होते.

घरमालकीण काकू खालीच राहत. "अलार्मला हात लावलात तर गाशा गुंडाळायचा," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि आता परीक्षा तोंडावर आलेली. दुसरी खोली शोधायची कुठे?

आज सकाळी जिन्याखालून आवाज आला, "पोरांनो, दूध गॅसवर ठेवलंय, तेवढ्यात तुमचा अलार्म बघून जाते रे!"

लंब्या अलार्मकडे धावला. त्याने मोजा ओढला आणि मागे न बघता भिरकावला. तो नेमका आचाऱ्याच्या तापल्या तव्यात पडला.

"अरे, माझं ऑम्लेट!"

"ऑम्लेट गेलं खड्ड्यात, गॅस बंद कर!"

तोवर मोजा धुमसला होता. अलार्मने महिन्याची कसर एका दमात भरून काढली. आचाऱ्याने तव्यावर झाकण दाबलं, अलार्म थांबला आणि काकू धापा टाकत आत आल्या.

"चालतो की छान!" काकू खूश झाल्या. मग त्यांनी मान वर केली. "पण त्याला रबर कसला लोंबतोय?"

लंब्याला खोटं बोलता येत नसे. "चुकलं, काकू. मोजा घातला होता त्याला. परीक्षेपर्यंत तेवढं आम्हाला राहू द्या."

"मोजा? एवढे शिकता आणि अक्कल गहाण ठेवता? आग लागली असती तर कळलं असतं का कुणाला?"

काकूंची गाडी सुटली ती थांबेना. अखेर त्यांनाच वास आला. काहीतरी करपत होतं, आणि ते इथे नव्हतं.

"अगं बाई, दूध!"

लंब्या धावत खाली गेला. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं, स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. त्याने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि वर पाहिलं. काकूंचा अलार्म लोकरीची कानटोपी घालून निवांत झोपला होता.

काकू दारात येऊन थबकल्या. "कांदा परतला तरी बोंबलायचा मेला," त्या पुटपुटल्या.

लंब्याने हात वर करून कानटोपी काढली. अलार्म किंचाळायला लागला.

"खोलीचं काय करायचं, काकू?"

"कसली खोली?" काकू कानांवर हात ठेवून ओरडल्या. "काही ऐकू येत नाही!"