व्याजदर उतरायची वाट

लोक क्रिकेटच्या मॅचसाठी टीव्हीपुढे बसतात. आमचे शेजारी तात्या रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासाठी बसतात. दर जाहीर व्हायच्या दिवशी सकाळीच दाढी, इस्त्रीचा सदरा आणि दाराला आतून कडी. दूधवाल्याने बेल वाजवली तरी खेकसतात, "थांब रे! गव्हर्नर बोलतायत!"

तात्या मूळचे विंझरचे. भोरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले. काकू गेल्यापासून एकटेच असतात, पण शिकवायची खोड काही गेलेली नाही. देशाचं सगळं अर्थकारण त्यांनी एका चुलीवर बसवलंय. "सरकार पैशाची लाकडं सारतंय, बँक व्याजाचं पाणी मारतेय. धूर कुणाच्या डोळ्यांत? आपल्या!"

माझ्या बायकोच्या खात्यात सरकारी योजनेचे पैसे आले, तेव्हा ती त्यांना पेढे द्यायला गेली. पेढा खाऊन म्हणतात कसे, "वहिनी, गोड आहे. पण सगळेच पेढे घ्यायला निघाले की पेढा महागतो. मग व्याज कसं उतरणार?" ती डबा उचलून घरी आली.

बाजारात वांग्याच्या भावावरून व्याख्यान सुरू झालं, तेव्हा भाजीवाली वैतागली. "मास्तर, म्या न्हाई भाव वाढवला. टेम्पोवाल्यानं मला लावला, म्या तुमास्नी लावला. घ्यायची तर घ्या!"

"म्हणजे डिझेल!" तात्या खूश. वांगी घ्यायची राहिलीच.

आम्ही चेष्टा करतो, पण त्यांचं दुखणं आम्हाला ठाऊक आहे. मुलगी मंजू पुण्यात असते. पूर्वी दर रविवारी यायची. तिने फ्लॅट घेतला, व्याजदर चढले, हप्ता वाढला, आणि तिने रविवारी क्लास घ्यायला सुरुवात केली. "हप्ता उतरला की क्लास सोडते, बाबा," असं ती म्हणाली होती. तेव्हापासून पैसे वाटायच्या प्रत्येक सरकारी घोषणेला हा माणूस चिडतो. आज वाटलेला पैसा काही महिन्यांनी महागाईत दिसतो आणि उतरलेलं व्याज हप्त्यात त्याहून उशिरा, हे ते जन्मभर शिकवत आले. वाट पाहताना त्या शहाणपणाचा काडीचा उपयोग होत नाही.

अखेर दर उतरला. आणखी काही आठवडे कशीबशी कळ काढून, मंजूला आवडणारा आंबेमोहोर तांदूळ घेऊन तात्या आमच्या ओट्यावर आले आणि तिथूनच त्यांनी तिला फोन लावला.

"बाबा, बँकेने हप्ता तेवढाच ठेवलाय. मुदत कमी केलीये. कर्ज लवकर फिटेल."

"असं होय? बरंच झालं की. फायद्याचंच आहे."

फोन ठेवून त्यांनी मलाही ते नीट समजावून सांगितलं. हप्ता तोच ठेवला की व्याज कसं वाचतं, वगैरे. मग तांदळाची पिशवी उचलून मांडीवर घेतली. तिची गाठ सोडून पुन्हा बांधत एकदम गावाकडच्या बोलीत म्हणाले,

"व्याज कशाला वाचवायचं हो मला? एक रविवार पायजे व्हता."