निळा ठिपका कुणाला दिसला?

वस्तू पारखावी ती मीच! हे मी नाही म्हणत, बालाघाटचं आमचं आख्खं ऑफिस म्हणायचं. कूलर कोणता घ्यावा, स्टेपलर कोणता टिकतो, कोणत्या कंपनीचा गोंद पावसाळ्यात बुरशी धरत नाही... काहीही असो, उत्तर एकच: "बडेबाबूंना विचारा!" बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क, म्हणजेच मी, त्र्यंबक. रस्ते आणि पुलांच्या फायली सांभाळतो. बावीस वर्षांत माझ्या हातून दुय्यम वस्तू ऑफिसात आलेली नाही.

तर सप्टेंबरातल्या एका सोमवारी आमच्या सबइंजिनियर नूतन मॅडम माझ्या टेबलाशी आल्या.

"बडेबाबू, शुक्रवारी भोपाळचे साहेब येऊन राह्यले. भोंडेटोल्याच्या पुलियाचा नकाशा पडद्यावर दाखवायचा हाय. एक लेझर पॉइंटर आणून देता का?"

"हे काय विचारणं झालं, मॅडम?"

"हिरवा आणा. साधा, हिरवा." जाता जाता त्या पुन्हा वळल्या. "हिरवाच हं!"

आता भोंडेटोला म्हणजे कटंगीच्या पुढे, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं, गाव. गाव अलीकडे, शाळा पलीकडे, आणि मधे सुरई नाला. पावसाळ्यात पोरं दप्तर डोक्यावर घेऊन पाण्यातून शाळेत जातात. नाला फुगला की शाळा बंद. अंगणवाडीच्या शेवंताबाई तर लहानग्यांना कडेवर घेऊन पार करतात. एकदा त्यांचा पाय घसरला, पोर वाचलं, बाईंचा हात मोडला. त्या नाल्यावरच्या पुलियाची, म्हणजे छोट्या पुलाची, फाईल सहा वर्षं माझ्या कपाटात होती. साहेबांनी शुक्रवारी जागा पक्की केली तर पुढच्या पावसाच्या आधी काम होणार. नाही केली तर फाईल पुन्हा भोपाळला. आणि भोपाळला गेलेली फाईल म्हणजे शेजारच्या लग्नात गेलेली सतरंजी! परत आली तरी आपलीच आहे का, ओळखू येत नाही.

एवढ्या मोठ्या कामाला साधा हिरवा पॉइंटर? हिरवा तर कोचिंग क्लासवाल्या पोरांकडेही असतो!

मी भोजराजच्या दुकानात गेलो. त्यानं तीन पॉइंटर मांडले. लाल, हिरवा, निळा. तिन्हींवर ताकद सारखीच लिहिलेली, पाच मिलिवॉट.

"यातला भारी कोणता?" मी विचारलं.

"निळा, बडेबाबू! निळ्याच्या किरणात एनर्जी सगळ्यात जास्त राह्यते. हा बालाघाटात कोणाकडेच नाही!"

शेवटचं वाक्य माझ्या काळजात गेलं. मी निळा घेतला.

घरी येऊन लगेच चाचणी! हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू, समोर पांढरी भिंत. मी बटन दाबलं आणि अलकनंदाला, म्हणजे बायकोला, हाक मारली.

"पाहा!"

"काय पाहू?"

"तो ठिपका!"

"कुठी? मले तं काहीच नाही दिसून राह्यलं. अवो, बटन दाबलं का?"

"दाबलं!"

"मंग सेल टाकले का?"

खरं सांगायचं तर मलाही तो ठिपका जेमतेमच दिसत होता. जांभळाचा डाग दहा वेळा धुतल्यावर उरतो ना, तेवढाच! पण मी बावीस वर्षांचा अनुभवी माणूस. म्हटलं, "तुझ्या चष्म्याचा नंबर बदलला."

"सुईत दोरा मी ओवतो या घरात! तुमी नाही!"

तेवढ्यात आरामखुर्चीतून आवाज आला, "वा वा! काय झक्क चमकून राह्यला! जांभळा हिराच जसा!"

ते दादाजी. माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, महिन्यापूर्वीच दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी ठिपका हळूच कपाटाकडे नेला.

"आता कुठी हाय, दादाजी?"

"कपाटावर! आता कॅलेंडरवर! आता पंख्यावर!"

बरोब्बर! मी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला दिसतो आणि हिला दिसत नाही, म्हणजे दोष कुणात? मग मी देवघरात उदबत्तीच्या धुरात किरण सोडला, तर धुरातून एक निळी रेघही दिसली. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याइतकी बारीक, पण दिसली! अलकनंदा म्हणाली, "मंग त्या मीटिंगमधी उदबत्तीचा पुडा घेऊन जा."

शुक्रवारी सकाळी अकराला मीटिंग. हॉलला सहा मोठ्या खिडक्या, पडदे तीनच. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर प्रोजेक्टरनं नकाशा टाकलेला: हिरवी शेतं, निळा नाला. पहिल्या रांगेत साहेब. त्यांचा सदरा असा पांढराशुभ्र की बघताना डोळे बारीक करावे लागत. त्यांच्या मागे बंदूकवाला गार्ड, मिशीसकट. शेवटच्या रांगेत भोंडेटोल्याहून पहिल्या बसनं आलेल्या शेवंताबाई आणि चार बाया.

मी पॉइंटर नूतन मॅडमच्या हातात दिला. त्यांनी झाकणावरचा रंग पाहिला.

"हे निळं काहून?"

"हिरव्याहून वरचं हाय, मॅडम! बिनधास्त राहा."

त्या काहीतरी बोलणार, तोच साहेब म्हणाले, "शुरू कीजिए."

मॅडमनी सुरुवात केली. गाव, नाला, शाळा, पोरं. साहेब मान डोलावत होते. मग मॅडमनी बटन दाबलं. "सर, पुलिया की जगह यह है."

साहेब पुढे झुकले. "कहाँ?"

"यहाँ, सर."

"यहाँ मतलब कहाँ?"

मॅडमनी हात गोल फिरवला. पडद्यावर काहीही नाही! निळ्या नाल्यावर निळा ठिपका म्हणजे मठ्ठ्यात लिंबू पिळल्यासारखं. पडलं कुणाला कळणार? पण साहेबांसमोर 'दिसत नाही' कोण म्हणणार? आमचे ज्युनियर इंजिनियर प्रीतम तत्परतेनं म्हणाले, "हाँ सर, साफ दिख रहा है!"

"अच्छा? कहाँ है, बताइए."

प्रीतमचा चेहरा उतरला. त्यांनी अंदाजानं बोट दाखवलं, "वो... स्मशानघाट के पास."

"नहीं नहीं," हिशेब विभागाचे गजेंद्र घाईनं म्हणाले, "वो ऊपर, आम के पेड़ के पास है ना!"

"सर, दोन्ही नाही, शाळेच्या समोर!" मॅडम कळवळून म्हणाल्या. घाबरल्यामुळे त्या मराठीवरच आल्या.

साहेबांनी पेन बंद केलं. टक्! तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"एक नाला, तीन लोग, तीन पुलिया! छह साल में आप लोग जगह तक तय नहीं कर पाए? फाइल वापस भेजिए."

शेवटच्या रांगेत शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. चूक माझी, आणि बुडणार पोरं! मी ताडकन उठलो, मॅडमच्या हातातून पॉइंटर घेतला आणि ओरडलो, "सर, ठिपका हाय! मैं दिखाता हूँ!"

पण बोलता बोलता मी साहेबांकडे वळलो. किरण पडद्यावरून सटकला, खुर्च्यांवरून घसरला आणि थेट साहेबांच्या छातीवर जाऊन बसला. आणि काय सांगू! जो ठिपका सबंध नकाशावर कुणाला दिसला नव्हता, तो त्या पांढऱ्या सदऱ्यावर असा पेटला की जणू साहेबांच्या खिशात ट्यूबलाइट लावली आहे!

गार्डनं पाहिलं. मोठ्या माणसाच्या छातीवर चमकता ठिपका म्हणजे काय, हे त्याला वेगळ्याच ठिकाणी शिकवलेलं होतं.

"सर, नीचे!!"

त्यानं साहेबांवर झेप घेतली. साहेब, खुर्ची आणि चहा असे तिघं एकदम खाली! प्रीतम टेबलाखाली. गजेंद्र प्रीतमच्या अंगावर. कुणाचा तरी पाय प्रोजेक्टरच्या वायरीत अडकला आणि नकाशाही गेला. दुसऱ्या क्षणी गार्डनं माझा हात असा पिरगाळला की मला माझ्याच पाठीवरची खाज काढता आली असती.

"क्या है हाथ में?"

"प... पॉइंटर! निळा! नवा हाय!"

नूतन मॅडम मधे पडल्या म्हणून वाचलो. साहेब चहा निथळत उठले आणि एकच शब्द म्हणाले, "क्यों?"

मॅडमनी शांतपणे सांगितलं. ताकद सारखीच असली तरी माणसाच्या डोळ्याला हिरवा सगळ्यात ठळक दिसतो, लाल त्याच्याहून कमी, आणि हा असला जांभळट निळा सगळ्यात फिका. वाढत्या वयात डोळ्याचं भिंग पिवळं पडतं आणि निळं आणखीच अडतं. (मी मनात म्हटलं, अरे देवा! दादाजींची भिंगं तर ऑपरेशनात बदललेली, कोरी करकरीत!) सदरा चमकला तो वॉशिंग पावडरमुळे, कपडे पांढरे दिसायला तिच्यात जो पदार्थ घालतात, तो अशा किरणात पेटतो.

"आणि बडेबाबू," त्या माझ्याकडे वळल्या, "फिका दिसते म्हणून खेळणं नोहे. डोळ्यात गेला असता तं तेवढाच वाईट. ठेवा खाली."

मी ठेवला. साहेबांनी सदऱ्याकडे पाहिलं. प्रोजेक्टर काही चालू होईना. "मीटिंग खत्म," ते म्हणाले आणि दाराकडे निघाले.

दारात शेवंताबाई उभ्या होत्या. वाट अडवली नव्हती, पण बाजूलाही झाल्या नव्हत्या.

"साहेब, नकाशा काहाले पाह्यजे? नाला कुठी पळून गेला काय? चला ना, आमी दाखवतो. दोन वाजता शाळा सुटते, तुमी डोळ्यानं पाहा."

"क्या कह रही हैं?" साहेबांनी मॅडमना विचारलं. मॅडमनी हिंदीत सांगितलं. साहेबांना दुपारी कटंगीलाच जायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, ओला सदरा पाहिला, बाईंचा किंचित वाकडा हात पाहिला.

"बैठिए गाड़ी में," ते म्हणाले. "आप सब."

दोनच्या आत आम्ही नाल्यावर! आदल्या रात्री वर कुठेतरी पाऊस झाला होता, पाणी गढूळ आणि ओढीचं. शाळा सुटली. पलीकडून पोरांची रांग आली, दप्तरं डोक्यावर, एकमेकांचे हात धरलेले. शेवंताबाई बोलता बोलता लुगडं खोचून पाण्यात उतरल्यासुद्धा! सगळ्यात धाकटी श्रुतिका त्यांच्या कडेवर चढली आणि अलीकडे येऊन साहेबांना म्हणाली, "तुमच्या शर्टाले काय झालं?"

साहेब हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच!

"पुलिया कहाँ चाहिए?" त्यांनी शेवंताबाईंना विचारलं.

बाईंनी पायाखालच्या चिखलाकडे बोट दाखवलं. "इथं. जिथं आमी रोज उभं राह्यतो."

"यहीं बनेगी," साहेब म्हणाले. फाईल गाडीच्या बॉनेटवर ठेवून तिथंच सही केली. बाया रडल्या, मॅडमनी डोळे पुसले, गार्डनं मिशी. माझंही मन भरून आलं. वाटलं, आपणही या कार्याला हातभार लावावा!

तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "बीच में गहराई कितनी है?"

"मैं देखता हूँ, सर!" म्हणून मी उडी मारली.

शेवंताबाई ओरडल्या, "बडेबाबू, तिकडं नोका जाऊ, तिकडं डोह हाय!" पण तोवर मी छातीपर्यंत गेलो होतो. गार्डनं, त्याच गार्डनं, मला कॉलर धरून बाहेर काढलं.

काम आता सुरू झालं आहे. पाये भरले, सळ्या उभ्या राहिल्या. पुढच्या पावसात पोरं कोरड्या पायानं शाळेत जातील. फाईलवर साहेबांची पाहणी-टिपणी आहे, मी स्वतः फायलीला लावली: 'निरीक्षण के समय पानी की गहराई: बडेबाबू की छाती तक.'

त्याचं काय झालं, की असा शेरा रेकॉर्डला चालत नाही. आकडा लागतो. म्हणून त्या भेटीनंतरच्या सोमवारीच नूतन मॅडम टेप घेऊन माझ्या टेबलाशी आल्या होत्या, जमिनीपासून छातीपर्यंतचं माप घ्यायला मला आख्ख्या ऑफिससमोर भिंतीला उभं केलं, आणि प्रीतम वही उघडून बसले. मी ताठ झालो. शेवटी इतिहासात नोंद होत होती!

"बडेबाबू," मॅडम खाली वाकून म्हणाल्या, "टाचा खाली टेका. पुलिया उगीच उंच होईन."

मी मुकाट्यानं टाचा टेकल्या.