टेंबेकाका रिव्हॉल्व्हर निवडतात

टेंबेकाका भेटले की "कसं काय?" वगैरे विचारत नसत. कोटाचं बटण लावायचे, हात थोडे बाजूला धरून स्वतःभोवती एक सावकाश गिरकी घ्यायचे आणि विचारायचे, "दिसतंय का काही?"

नवा माणूस गोंधळून जाई. आम्ही जुनी मंडळी "नाही हो काका, काहीच दिसत नाही" असं म्हणून पुढे सरकत असू. त्यावर ते समाधानाने मान हलवत आणि वर खुलासाही करत, "कन्सील्ड कॅरी. म्हणजे शस्त्र बाळगायचं, पण कुणाला पत्ता लागता कामा नये." इंडियानातल्या आमच्या त्या गावात आणि आसपास मिळून चाळीसेक मराठी घरं असतील. काका गुप्तपणे शस्त्र बाळगणार आहेत, ही बातमी त्या चाळीसही घरांना खुद्द काकांनीच पोचवली होती.

खिशात अर्थात रिव्हॉल्व्हर नसायचं. ते अजून निवडायचं होतं. तोवर कोणत्या खिशाला किती वजन झेपतं, याचा अंदाज यावा म्हणून काका एक जाडजूड पितळी अडकित्ता घेऊन फिरत. गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये आरती चालू असताना टाळ्या वाजवायला त्यांनी हात वर केले आणि तो अडकित्ता आतल्या खिशातून निसटून खण्णकन फरशीवर पडला. काकांनी तो शांतपणे उचलला, वहीत काहीतरी नोंदवलं आणि "घालीन लोटांगण"ला पुन्हा सूर लावला.

हे सगळं पंच्याऐंशी सालचं. काका तेव्हा साठीला टेकलेले, बेअरिंगच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले आणि आमच्या अपार्टमेंटसमोरच्या घरात एकटे राहणारे. आयुष्यभर कॅलिपर हातात धरून माल नाकारण्याची नोकरी केल्यामुळे कुठलीही वस्तू पटकन पसंत करणं त्यांना कमीपणाचं वाटे. टोस्टर घ्यायला त्यांना अकरा महिने लागले होते. "घेतला का हो टोस्टर?" असं विचारलं की "अभ्यास चालू आहे" हे उत्तर ठरलेलं. मी अगदी उलट स्वभावाचा. दुकानात शिरायचं, समोर दिसेल ते उचलायचं आणि घरी येऊन पस्तावायचं. त्यामुळे मला या माणसाची जरा चीडच येत असे, हे कबूल केलेलं बरं.

रिव्हॉल्व्हरच्या या अभ्यासाला कारण झालं होतं माझ्याच घरात.

माझी बायको सुषमा नागपूरहून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात ती काउंटरवर बसायची. त्या उन्हाळ्यात भर दुपारी तीन वाजता एक माणूस आत आला, खिशातून लहानसं रिव्हॉल्व्हर काढून त्याने तिच्यासमोर धरलं आणि गल्ला मागितला. तिने दिला. तो "थँक यू" म्हणून निघून गेला. दोन मिनिटांचा मामला. कुणाला ओरखडाही उमटला नाही, म्हणून सगळे म्हणाले सुटलात.

पण सुषमा सुटली नव्हती. आधी तिने नोकरी सोडली. मग कपडे धुवायला खाली जाणं सोडलं. मग दिवसाही पडदे उघडेना. मी इंजिनिअर माणूस. मी तिला रोज संध्याकाळी समजावून सांगत असे, की एकाच माणसावर असा प्रसंग दुसऱ्यांदा येण्याची शक्यता किती नगण्य असते. ती ऐकून घ्यायची. एका संध्याकाळी म्हणाली, "सतीश, मला नागपूरला पाठव." मी ऑक्टोबरअखेरचं तिकीट बुक केलं. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले, मला देश सोडता येत नव्हता. ती गेली की परत यायची नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. 

अशा वेळी टेंबेकाका आमच्या दारात उभे राहिले. हातात आलेखाच्या कागदांची वही.

"सुषमा, मी रिव्हॉल्व्हर घेतोय. छोटं. खिशातलं. हल्लीचे दिवस बरे नाहीत. पण माझा उजवा खांदा धरलाय, मला ड्राइव्ह करवत नाही. आणि वजनं लिहून घ्यायला कुणीतरी पाहिजे. तुझं अक्षर चांगलं आहे."

"काका, अहो, तिला त्या वस्तूचीच धास्ती बसलीय!"

"म्हणून तर. धास्ती बसलेल्या माणसाने नीट बघितलेलं असतं. उगाच कुठला तरी हौशी माणूस बरोबर घेऊन काय करू?" मग तिच्याकडे वळून म्हणाले, "शनिवारी दहा वाजता. लर्नर्स परमिट आहे ना तुझं? मी शेजारी बसतो. चल, नाही म्हणू नकोस, म्हातारा माणूस आहे मी."

वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची सवय सुषमाला नव्हती. केवळ त्या भिडेपोटी, पाच आठवड्यांत पहिल्यांदा, ती चपला घालून घराबाहेर पडली. मी खिडकीतून बघत होतो. काकांची लांबलचक ब्यूक ताशी पंधरा मैलांनी मक्याच्या शेतांकडे निघाली होती. याच काकांना मी पुढे, थंडी पडल्यावर, त्याच धरलेल्या खांद्याने फावड्यावर फावडं बर्फ उपसताना बघितलं. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

गावाबाहेर आठ मैलांवर अर्ल नावाच्या एका थोराड म्हाताऱ्याचं दुकान होतं. अर्ध्या भागात मासेमारीच्या काठ्या, अर्ध्या भागात बंदुका. पहिले दोन शनिवार सुषमा गाडीतच बसून राहिली. काका काचेच्या दारातून बाहेर येऊन आकडे ओरडत आणि ती ते मांडीवरच्या वहीत लिही. "नळी दोन इंच! वजन एकोणीस औंस! तोळ्यात कर!" तिसऱ्या शनिवारी पाऊस होता, म्हणून ती मासेमारीच्या काठ्यांपर्यंत आली. तिथून पुढे महिनाभर नाही.

घरी येऊन मात्र ती मला सगळं सांगायची, आणि सांगता सांगता क्वचित हसायची. एक रिव्हॉल्व्हर काकांनी नाकारलं, कारण त्याचा घोडा बाहेर होता. "खिशातून काढताना अस्तरात अडकेल. चोर काय थांबणार आहे माझं अस्तर सुटेपर्यंत?" दुसऱ्याचा घोडा आत होता, तर "आत काय चाललंय ते कळत नाही" म्हणून तेही बाद. एकात सहा गोळ्या मावत होत्या. "सहा कशाला? पाचात पांडवांचं भागलं." पाचवालं दाखवल्यावर एखादी जास्त असलेली बरी, असं त्यांचं मत पडलं. हलकं होतं ते हाताला उसळेल आणि जड होतं ते सदरा ओढेल. धोतराच्या कनवटीला लावलं तर कसं राहील, हे त्यांनी अर्लला साभिनय विचारलं होतं आणि अर्लने म्हणे गंभीरपणे विचार करून "लांब चालू नका" असा सल्ला दिला होता.

मग दसरा आला. सुषमाने सकाळी पाटावर पूजा मांडली. तिच्या माहेरी वडिलांची छापखान्यातली अवजारं मांडत. इथे तिने विळी, कात्री, माझा कॅलक्युलेटर आणि गाडीची किल्ली मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं. काका नमस्काराला आले. पाटाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "घरातल्या अवजारांचं झालं. पण शस्त्रांचं काय? आपण गेले दोन महिने दर शनिवारी त्यांना नावं ठेवतोय. आजच्या दिवशी तरी त्यांची पूजा व्हायला पाहिजे."

त्या दिवशी मीही बरोबर गेलो. नेमकं काय होतंय ते मला बघायचं होतं. अर्लने काउंटरवर मखमलीचा तुकडा पसरून त्यावर एक लहानसं रिव्हॉल्व्हर ठेवलं, उघडून आत काही नाही हे दाखवलं आणि हात बांधून मागे सरकला. सुषमाच्या हातात हळदकुंकवाचा करंडा. ती काउंटरपासून चार पावलांवर थबकली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मी "राहू दे" म्हणायला पुढे झालो, तर काकांनी माझी बाही धरली.

ती पुढे गेली. आधी हळदीचं बोट. मग कुंकवाचं. कुंकू सगळं नळीवर सांडलं. मग अक्षता टाकायच्या म्हणून तिने चिमूटभर तांदूळ घेतले आणि घरी विळीवर टाकतात तसे सवयीने वाहिले. ते गेले थेट गोळ्या भरायच्या उघड्या चक्रात.

"व्हॉट इज दॅट? इज दॅट राइस?" अर्ल किंचाळला.

आणि सुषमा हसली. तोंडाला पदर लावून नव्हे, चांगली खळखळून. मग ओशाळली आणि "सॉरी, सॉरी" म्हणत तिने ते रिव्हॉल्व्हर स्वतः उचललं, उलटं धरून हलवलं, दाणे झाडले, फुंकर मारली. पाच-सात मिनिटं ती आणि अर्ल मिळून बारीक ब्रशने हळद काढत होते. ती वस्तू आपल्या हातात आहे हे तिच्या लक्षातही नव्हतं. माझ्या होतं. मी मासेमारीच्या काठ्या बघायला गेलो.

निघताना काकांनी अर्लला सोनं दिलं. इथे आपटा कुठला? काकांनी स्वतःच्या अंगणातल्या रेडबड नावाच्या झाडाची पिवळी पडलेली पानं आणली होती.

त्या रविवारी सुषमा म्हणाली, "अरे, ते तिकीट जरा पुढे ढकल ना. पुढच्या शनिवारी काकांना मुठी बघायच्यात. लाकडी की रबरी, ते ठरलं नाहीये अजून."

मी तिकीट नोव्हेंबरावर ढकललं. नोव्हेंबरात रिव्हॉल्व्हर ठेवायच्या चामड्याच्या पाकिटांचा अभ्यास निघाला, म्हणून जानेवारीवर. जानेवारीत ती हायवेवरून एकटीने गाडी चालवायला लागली होती आणि दुकानात काकांशी वाद घालत होती. "काका, तुम्ही उगाच खोट काढता! चांगलंय की हे, चाप हलका आहे." एकदा तर एक अगडबंब शेतकरी बायकोसाठी रिव्हॉल्व्हर घ्यायला आला, तेव्हा अर्लने त्याला सुषमाकडे पाठवलं. साडी, त्यावर पार्का, हातात आलेखवही अशा अवतारात तिने त्याला कोणती मूठ बाईच्या हाताला बसेल हे समजावून सांगितलं. एप्रिलमध्ये ड्रायक्लीनिंगवाल्याने परत बोलावलं. ती रात्रभर विचार करेल असं मला वाटलं होतं. तिने भाजी परतता परतता होकार देऊन टाकला. मी तिकीट कॅन्सल केलं.

काकांचं मात्र अजून काही ठरेना. वर्ष होत आलं. आपण या माणसाचं देणं लागतो, तर एकदाचं त्याचं घोडं गंगेत न्हावं, असं म्हणून मी एका शनिवारी एकटाच अर्लकडे गेलो. काकांना मनातून कोणतं आवडलंय, ते सांग, असं त्याला म्हटलं.

अर्ल काकांना प्रोफेसर म्हणे. त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. "तुला माहीत नाही? प्रोफेसरला काही घ्यायचं नाहीये. त्याने लायसन्सचा अर्जही केलेला नाही. सुरुवातीलाच आला होता, एकटा, गाडी चालवत. म्हणाला, मला या वस्तू आवडत नाहीत, मी कधी घेणार नाही. पण एक मुलगी यांना घाबरलीय. तिला कंटाळा येईपर्यंत त्या बघू दे. शनिवारची तेवढी तुझी जागा दे." मग तो म्हणाला, "मी म्हटलं, ठीक आहे. मला नात आहे."

मी तसाच काकांच्या घरी गेलो. ते स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. प्रत्येक भेंडी उजेडात धरून, मगच.

"काका, अर्लने सांगितलं सगळं."

"बोलला का? त्याच्या पोटात काही राहत नाही." त्यांनी मान वर केली नाही. "चहा घेतोस?"

"काका, सुषमा आज इथे आहे ती तुमच्यामुळे. मी तुमचे आभार कसे..."

"साखर किती?"

त्यांनी आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांची बायको मालतीकाकू भारतात वारल्या, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याहून जास्त कधी कुणी विचारलं नव्हतं.

"आम्ही हे घर घेतलं तेव्हा मालतीला तळघराची भीती वाटायची," ते म्हणाले. "हिवाळ्यात घर तापवायची भट्टी पेटते ना, तेव्हा धप्पकन आवाज होतो. कपडे धुवायचं मशीन खालीच. खाली जायची म्हटलं की रडायची. मी तिला भट्टी कशी चालते ते समजावलं. ड्रॉइंग काढून. व्हॉल्व्ह कुठे, ज्योत कुठे. दोन हिवाळे समजावत होतो. चिडायचोही. मग ती दोन महिन्यांसाठी म्हणून साताऱ्याला गेली. पत्रातूनसुद्धा समजावलं मी. ती आली नाही. तिथेच गेली."

आधणाला उकळी फुटली होती. त्यांनी गॅस बारीक केला.

"तिला भट्टी कळायला नको होती रे. ती कपडे धुवीपर्यंत मी खाली एक खुर्ची टाकून बसलो असतो, तरी पुरलं असतं."

काकांनी चहा गाळला, दोन कप टेबलावर ठेवले. मी माझी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी घेतली, उरलेल्या भेंड्या पुढ्यात घेतल्या आणि सुषमा कामावरून येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.