सेक्रेटरींच्या थायरॉईडबाबत ठराव

करी रोडच्या जांभळे हाइट्सचे सेक्रेटरी कुशाबा गावडे काम करू लागले आहेत, ही बातमी पसरली तेव्हा सभासदांचा आधी विश्वासच बसला नाही. जांभळे चाळीचा टॉवर झाला, गॅलरीची बाल्कनी झाली, मोरीचं बाथरूम झालं. पण सेक्रेटरीने काम करावं अशी प्रथा ना चाळीत होती ना टॉवरमध्ये. कुशाबा स्वतः या परंपरेचे कडवे अभिमानी. तक्रार आली की ते म्हणत, "बघूया." आणि खरोखरच बघत राहत.

तेच कुशाबा अचानक पहाटे उठून गच्चीवरच्या टाकीत डोकावू लागले. बंद लिफ्ट चालू झाली. गळका पाइप बदलला गेला. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात ज्या साहेबाला भेटायचं, त्यालाच ते भेटून आले. बोलणं असं भरधाव, की समोरच्याने "पण" म्हणेपर्यंत विषय संपलेला. जेवण दुप्पट, वजन मात्र उतरत चाललेलं.

"कुशा, डाएट कुठलं रे?" चाळीपासूनचा दोस्त लवू परब लिफ्टमध्ये विचारी.

"डाएट खयचा!" कुशाबांच्या पत्नी दुर्गावहिनी परस्पर उत्तर देत. "घरातला संपवून आता शेजारच्यांच्या टोपात बघतत."

सगळे हसत. पण नवऱ्याच्या हातातला कप बशीवर वाजू लागला तेव्हा वहिनींचं हसू गेलं. "हे चाय पितत की टाळ वाजवतत?" असं म्हणत त्यांनी कुशाबांना भोईवाड्यातल्या डॉक्टर अनुजांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, हात पुढे करायला लावून बोटांची थरथर पाहिली, रक्त तपासून घेतलं.

"गावडे, तुमची थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय."

कुशाबांचा चेहरा उतरला. "जास्त काम? आमच्या घराण्यात असं कधी कुणी केलेलं नाही हो."

"चेष्टा नको. हृदयावर ताण येतो. गोळ्या रोज, न चुकता. मनाने बंद करायच्या नाहीत, रक्ताची तपासणी टाळायची नाही. आणि दगदग जरा कमी."

गोळ्या लागू पडल्या. हळूहळू हाताची थरथर थांबली, छातीतली धडधड शमली, दुपारची झोप परत आली. आणि एके दिवशी लिफ्टही थांबली.

"कुशा, लिफ्ट!"

"बघूया," कुशाबा म्हणाले.

संस्थेत हाहाकार उडाला. तातडीची विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली. अध्यक्षस्थानी मनमोहन धैर्यवान. घराणं गिरगावातलं, जुनं. मराठी स्वच्छ, इस्त्री केलेलं. आणि निवृत्तीनंतरही डोक्यावर असे घनदाट केस, की सभेत त्यांच्याकडे बघून टकले सभासद मुद्दा विसरत.

"सेक्रेटरींची ग्रंथी ही संस्थेची सामायिक सुविधा आहे," धैर्यवान म्हणाले. "तिच्या वेगात फेरबदल करण्यापूर्वी सभेची मंजुरी घेणं आवश्यक होतं."

"गणपतीपर्यंत गोळ्या बंद ठेव ना रे, कुशा," लवू म्हणाला. "विसर्जन झालं की डबल घे."

दुर्गावहिनी ताडकन उठल्या. "मेल्यांनो, ह्यांच्या छातीत घोडो धावतलो आणि तुमी लिफ्टीतून वर जातलास?"

सभासदांच्या माना होकारार्थी हलल्या. वर जाण्याच्या कल्पनेचा अनेकांना मोह पडला होता.

अखेर तडजोडीचा ठराव झाला. सेक्रेटरींनी गोळ्या घेण्यास संस्थेची हरकत नाही. मात्र रक्ताचा रिपोर्ट समितीपुढे ठेवावा. ज्या सभासदाची ग्रंथी मर्यादेबाहेर सक्रिय, त्याच्याकडेच सेक्रेटरीपद राहील; रिपोर्ट नॉर्मल आला तरच राजीनामा स्वीकारला जाईल. कुशाबांनी आनंदाने सही केली. रिपोर्ट नॉर्मल येणार आणि आपण सुटणार, याची त्यांना खात्री होती.

सभेनंतर धैर्यवानांनी त्यांना बाजूला घेतलं. "केस फार गळलेत हो तुमचे. सेक्रेटरी म्हणजे संस्थेचा चेहरा." त्यांनी केसांच्या व्हिटॅमिनची एक बाटली काढून दिली. "मी स्वतः रोज घेतो. परिणाम समोर आहेच."

एक तर फुकट, त्यात व्हिटॅमिन. नाही कोण म्हणणार?

पुढचा रिपोर्ट आला. ग्रंथी आभाळाला टेकली होती.

"अभिनंदन!" धैर्यवान म्हणाले.

"अहो, पण मला बरं वाटतंय. वजन वाढलं. झोप तर अशी येते..."

"तुम्हाला काय वाटतं हा कागदोपत्री पुरावा नव्हे, गावडे."

'सेक्रेटरी अतिसक्रिय असल्याची सभेने समाधानपूर्वक नोंद घेतली,' असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. त्या वेळी सेक्रेटरी खुर्चीत घोरत होते. लिफ्ट बंदच होती. पण रिपोर्टप्रमाणे काम जोरात असल्यामुळे तक्रार दाखल करून घेता येईना. लवू धापा टाकत जिना चढे आणि प्रत्येक मजल्यावर थांबून कुशाच्या ग्रंथीला शिव्या घाली.

डॉक्टर अनुजांनी रिपोर्ट पाहिला. गोळ्यांचा डोस वाढवायला पेन उचललं आणि थांबल्या. "नाडी शांत. हात स्थिर. माणूस पेंगतोय आणि रक्त म्हणतंय धावतोय. गावडे, आणखी काय घेता?"

वहिनींनी पिशवीतून बाटली काढली.

"बायोटिन! अहो, हे रक्ताच्या काही तपासण्यांना चकवतं. मी डोस वाढवला असता, तर तुम्ही या खुर्चीतून उठलाही नसता. थोडे दिवस हे बंद, मग पुन्हा रक्त. गोळ्या मात्र चालू."

पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट नॉर्मल! कुशाबांनी राजीनामा दिला आणि बाटलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. "धैर्यवानांका सांगूक होया होता ना?" वहिनींनी विचारलं, तेव्हा फक्त म्हणाले, "बघूया."

आता ठरावानुसार नवा सेक्रेटरी निवडायचा, म्हणजे सर्व सभासदांचं रक्त तपासणं आलं. डिलाईल रोडच्या लॅबबाहेर जांभळे हाइट्सची रांग लागली. आपण पूर्णपणे निष्क्रिय आहोत हे सिद्ध करायला माणसं उपाशीपोटी उभी होती. नॉर्मल रिपोर्ट हातात पडताच लवूने पेढे वाटले.

सभेत शेवटचा रिपोर्ट उघडला, तो अध्यक्षांचा. आभाळाला टेकलेला.

"हे साफ चूक आहे!" धैर्यवान ओरडले. "मी ठणठणीत आहे! मला काहीही वाटत नाही!"

"साहेब," दुर्गावहिनी मायेने म्हणाल्या, "तुमका काय वाटता, ह्यो कागदोपत्री पुरावो न्हय."

सेक्रेटरीपदासाठी धैर्यवानांच्या नावाची सूचना कुशाबांनी मांडली, लवूने अनुमोदन दिलं, ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला.

लिफ्ट अजून बंद आहे. तिच्या दारावर धैर्यवानांच्या सुवाच्य मराठीत सूचना आहे: 'दुरुस्तीचे काम अतिसक्रियपणे चालू आहे.'

तुमच्या सोसायटीची लिफ्ट अर्थातच चालू असेल. तिच्यामागे कुणीतरी एक जण पहाटेपासून धावत असतो, दिवसेंदिवस वाळत चाललेला. लिफ्टमध्ये तो भेटला की तुम्ही कौतुकाने विचारता, "काय हो, डाएट कुठलं?" आणि उत्तर यायच्या आत तुमचा मजला येतो.